पूर कोणत्या महिन्यात येतो, ते आधी बघा

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: इजिप्त आणि मेसोपोटेमिया (टायग्रिस-युफ्रेटिस नद्यांकाठचा आजचा इराक) दोन्हीकडे वाळवंट, दोन्हीकडे मोठी नदी, तरी एकीकडची शेती टिकली आणि दुसरीकडची खारावली. म्हणजे दोष राजे-पुरोहितांचा, भूगोलाला उगाच कशाला ओढता?

'वाळवंटातली नदी' एवढ्यावर तुम्ही थांबलात, गफलत तिथंच आहे. नाईलचा पूर इथिओपियातल्या पावसाचा. जुलैत चढायचा, ऑक्टोबरच्या सुमारास ओसरायचा, पेरणी त्यानंतर. बांध घातलेल्या खाचरांत मीटर-दीड मीटर पाणी चाळीसेक दिवस कोंडायचं आणि मग नदीत सोडून द्यायचं. जाताना ते क्षार धुऊन न्यायचं, आणि मुरलेल्या ओलीवर गहू निघायचा. उन्हाळ्यात नदी उतरली की भूजलही उतरायचं.

टायग्रिस-युफ्रेटिसचा पूर डोंगरातलं बर्फ वितळल्याचा, एप्रिल-मेमधला. नेमकं तेव्हा पीक कापणीला आलेलं! त्यामुळे पूर थोपवायचा, आणि पेरणीला नदी रोडावलेली असताना कालव्यानं पाणी आणायचं, हा उलटा कारभार. त्यात निचऱ्याला उतार नाही. समुद्रापासून इतक्या आत असूनही बगदादची उंची जेमतेम 35 मीटर.

आता हिशेब करू. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेलं पाणी जिभेला गोडच लागतं. हंगामात ते मीटरभर दिलं तर हेक्टरी 10,000 घनमीटर झालं, म्हणजे 5 टन क्षार. पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. भूजल दीड-दोन मीटरवर आलं की बारीक मातीतून ओल वर चढते आणि रानावर पांढरं फुटतं.

यावर तिथल्या शेतकऱ्यांचा उतारा होता: वर्षाआड पडीक. पडीक रानात जवासा हे काटेरी झुडूप माजतं, त्याची खोल मुळं खालची ओल ओढतात, भूजल खाली जातं आणि पुढच्या पाण्याला क्षार खाली न्यायला वाव मिळतो. वसुलीच्या घाईत पडीक मोडलं की हा उपाय गेला. तुमचे राजे येतात ते इथं, आणि तेवढा दोष त्यांचा खराच. पण तीच घाई नाईलकाठी झाली असती तर दरवर्षीच्या पुरानं ती बरीचशी पचवली असती. (दक्षिण मेसोपोटेमियात गव्हाची जागा क्षार सोसणाऱ्या सातूनं घेतली, त्यात क्षारांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. याकोब्सन आणि अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी 1958 मध्ये मांडलेल्या पीक-उत्पादनाच्या आकड्यांवर पुढे शंका घेतल्या गेल्या, म्हणून ते इथं वापरत नाही.)

इजिप्तची माणसंच शहाणी होती म्हणावं, तर पुढचं बघा. एकोणिसाव्या शतकात तिथं बारमाही कालवे आले, 1970 मध्ये अस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि खालचा पूर थांबला. नाईलकाठच्या जमिनीही पाणथळ होऊ लागल्या, खारावू लागल्या. पूर जे काम फुकटात करायचा, त्यासाठी लाखो हेक्टरांखाली निचऱ्याचे सच्छिद्र नळ पुरावे लागले.