‘स्वतःच्या मुलीला बसवाल का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बैठकीच्या, म्हणजे बसून गायच्या आणि हावभावांनी खुलवायच्या, लावणीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन दिवसांत चार वेळा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की शृंगारिक लावणी पुरुषांनी पुरुषांसाठी रचली, तिच्यात बाई ही उपभोगाची वस्तू होते आणि तिला कला म्हणणे म्हणजे शोषणावर शाल पांघरणे. शेवटी आपण लिहिता, ‘ज्यांना ही कला वाटते त्यांनी आधी स्वतःच्या मुलीला त्या बैठकीत बसवून दाखवावे.’

एक चूक आधी मान्य करते. ‘तमाशातील बैठकीची लावणी’ हा माझा शब्दप्रयोग ढिसाळ होता. ढोलकी-फडाचा, गावोगाव फिरणारा तमाशा वेगळा; संगीत बारी, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाचा थिएटरातला कार्यक्रम, वेगळी; आणि दोन्हींतील बायकांचे जगणेही वेगळे. आपण लक्षात आणून दिलेत, मी दुरुस्ती केली.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी. लावणीला नावे ठेवणारे मला पुष्कळ भेटले आहेत, पण माझ्या मुलीला मध्ये ओढण्याची गरज त्यांपैकी कोणालाही वाटली नव्हती. आणि त्या वाक्यात ‘मुलगी’ म्हणजे नेमकी कोण? लावणी गायिका यमुनाबाई वाईकर कोणाच्या तरी मुलगीच होत्या, आईकडूनच गाणे शिकल्या आणि त्याच गाण्यासाठी त्यांना 1975 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर वडील आणि चुलत्यांच्या, म्हणजे भाऊ-बापूंच्या फडात वाढल्या. आपल्या वाक्यात या मुलींना जागा नाही. ज्यांच्या अब्रूची काळजी करायची त्या मुली आपल्या-माझ्या घरच्या, आणि बैठकीत बसते ती कोणाचीच नाही, असे गृहीत धरल्याशिवाय ते आव्हान उभेच राहत नाही. बाईला वस्तू करणे म्हणतात ते याहून फार वेगळे असेल, असे मला वाटत नाही.

माझे वडील बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. मी अकरा वर्षांची असताना एका दुपारी ते मला संगीत बारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मोडनिंबला घेऊन गेले होते. पेटी उघडून, सूर काढून ते कानशीने घासत होते आणि शेजारी साठीच्या एक बाई चष्मा लावून ताटातले तांदूळ निवडत बसल्या होत्या. पेटी जुळल्यावर ती तपासायला म्हणून त्यांनी एक ओळ घेतली आणि त्या ओळीतल्या ‘नका’ या एका शब्दावर थांबल्या. पहिल्यांदा भुवई जराशी उचलून म्हटलेले ‘नका’ हे उघड आमंत्रण होते. पदराचे टोक दोन बोटांत धरून म्हटलेले रुसव्याचे होते. तिसऱ्या वेळी मान न वळवता इतक्या कोरडेपणाने म्हटले, की माझ्या वडिलांचा भात्यावरचा हात थांबला. शेवटचे थकलेल्या बाईचे होते, जिला खरोखरच एकटे राहायचे आहे. मांडीवरचे ताट मात्र हलले नव्हते. त्या खोलीत पैसे उधळणारा कोणी नव्हता, शिट्टी मारणारा नव्हता, आणि तरीही होता तो शृंगारच.

शब्द पुरुषांचे, हे खरेच आहे. राम जोशी, होनाजी, सगनभाऊ हे लावण्या रचणारे शाहीर सगळे पुरुष. पण ओळ एकदा बाईच्या गळ्यात आली, की तिला होकार करायचे की नकार, हे शाहीर ठरवत नाही, ती ठरवते. अदा म्हणतात ती हीच, आणि तिला देहाचे प्रदर्शन म्हणणाऱ्याने ती जवळून पाहिलेली नसते. आपणही पाहिलेली नसावी, असे मला स्पष्टच म्हणावे लागते.

दौलतजादा (प्रेक्षकांनी उधळलेले पैसे), जात, पोटाची सक्ती हे आपले उरलेले मुद्दे बाजाराविषयी आहेत, कलेविषयी नाहीत. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी आणि जातीच्या नात्यावर लिहिले आहे, तेही मी नाकारत नाही. पण बाईची प्रतिष्ठा जपायची म्हणून तिचे नाचणे बंद करा, हा उपाय या राज्याने करून पाहिला आहे. 2005 मध्ये डान्स बारवर बंदी आली, तेव्हा तीन किंवा अधिक ताऱ्यांच्या हॉटेलांना मात्र सूट होती. तेच नाचणे श्रीमंतांसमोर चालत होते. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम ठेवला. मधल्या काळात ज्या बायकांची रोजची कमाई बुडाली, त्यांच्या प्रतिष्ठेचे काय झाले, याविषयी आपल्या प्रतिक्रियेत एक ओळही नाही.

आणि आपल्याला उत्तरच हवे असेल, तर माझी मुलगी गेली तीन वर्षे बैठकीची लावणी शिकते आहे. मागच्या वर्षी तिने नऊवारी नेसून, बसून, शंभरेक माणसांसमोर एक शृंगारिक लावणी सादर केली आणि मी पहिल्या रांगेत होते. ते सभागृह होते, बारी नव्हती, असे आपण म्हणाल. तेही खरे आहे. पण तिची गुरू बारीतूनच आलेली आहे, आणि ती शिकवत असताना आम्ही दोघी तिच्यासमोर जमिनीवर बसतो.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. लावणीविषयी आपण पुन्हा लिहावे, मी वाचीन. माझ्या मुलीविषयी मात्र यापुढे एक शब्दही इथे राहू देणार नाही.