फोटोत पालक दिसत नाहीत म्हणे

कालचा आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवरचा मेसेज जसाच्या तसा देतो. "शाळाबाह्य मुलांबाबत जनजागृतीसाठी प्रभातफेरी काढावी, पालकांचे उद्बोधन करावे, जिओटॅग फोटो व अहवाल दुपारी चारपर्यंत सादर करावा." खाली लगेच अंगठ्यांची रांग. मेसेज वाचून तरी अंगठे देत जा रे.

दिवाळी होऊन गेलीय. साखर कारखान्यांची धुराडी पेटलीत. अख्खी वाडी ऊसतोडीला ट्रॅक्टरात बसून सांगली-कोल्हापूरकडं, काही टोळ्या पार कर्नाटकात. दारांना कुलपं, कुलपांपुढं काट्या. मागं उरलेत म्हातारे, म्हाताऱ्या, त्यांच्याकडं ठेवलेली थोडी पोरं आणि मी. आणि आता उद्बोधन करा! कुणाचं, काट्यांचं?

काढली. वर्गात उरलेली पोरं घेतली, "एकच ध्यास, मुलांचा विकास" ओरडत गल्ली फिरलो. पारावरच्या एका म्हातारीनं हाक मारून विचारलं, "मास्तर, पंधरा ऑगस्ट परत आला का काय?" फोटो काढला, रेंजसाठी टेकडावर चढलो, पाठवला. पाऊण तासात फोन. "सर, फोटोत पालक दिसत नाहीत. पुन्हा काढा."

पालक दिसत नाहीत! अहो, दसऱ्यापासून लेखी कळवतोय तेच तर! पालक दिसले असते तर ही फेरी कशाला काढली असती? पण नाही, पुन्हा काढा. मग पारावरचे चार म्हातारे उठवले, एकाच्या हातात फलक दिला. तो त्यानं उलटा धरला. तोच फोटो मंजूर झाला. वर "छान उपक्रम" असा शेरासुद्धा आला.

संध्याकाळी एक्सेल शीट. शाळाबाह्य असण्याचं कारण यादीतून निवडायचं. पालकांची अनास्था, अभ्यासाची नावड, घरकाम, इतर. मी 'इतर' निवडून पुढं लिहिलं, "मुकादमाची उचल." म्हणजे तोडीची टोळी नेणाऱ्याकडून आधीच घेतलेले पैसे. परत फोन. "सर, असलं लिहू नका, वरून विचारणा होते. तुमची एकच शाळा लाल दिसतीय. शाळाबाह्यांचा आकडा शून्य करून पाठवा."

आता मी ग्रुपवर कसा तुटून पडलो ते सांगतो. तीन परिच्छेद टाईप केले. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ९, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य, सगळं सविस्तर. भाषा अशी की स्वतःलाच टाळ्या वाजवाव्यात. मग एकेक परिच्छेद खोडला आणि पाठवलं, "ओके सर." वर नमस्काराचे दोन हात. केंद्रात माझी ओळख फटकळ म्हणून आहे. शिवाय अक्षर बरं असल्यामुळं त्या फेरीचे सगळे फलक मीच रंगवले होते, वेलबुट्टीसकट.

तर ती यादीतली 'पालकांची अनास्था'. नवरा-बायकोची जोडी म्हणजे तोडीच्या हिशोबात एक 'कोयता'. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यातली निम्मी दवाखान्यात आणि लग्नात संपलेली. ती फेडायला दोघांनी पहाटे उसाच्या फडात उतरायचं. मग कोपीवर, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीत, तान्ह्याला कोण बघणार? दुसरीतली, तिसरीतली पोरगी. हा सगळा हिशोब जून-जुलैत ओसरीवर बसून ठरतो, तेव्हा तिथं मुकादम असतो. उद्बोधनवाले नसतात. कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीपुढं कधी प्रभातफेरी निघालेली ऐकलीय कुणी? चेअरमनसाहेबांचं उद्बोधन, जिओटॅग फोटोसह? फेरी निघणार ती आमच्याच रिकाम्या गल्लीतून.

आणि मोजणीचा मुहूर्त तर विचारूच नका. २०१५ साली राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजली, सापडलेल्या पोराच्या बोटाला शाई लावली. तारीख? ४ जुलै. २०२२ ला 'मिशन झिरो ड्रॉपआऊट'. ५ ते २० जुलै. जुलैत आमची पोरं वर्गातच असतात हो! नाकं पुसत, पाढे म्हणत. जानेवारीत या की मोजायला. ऊस कुठं तुटतो ते तर सगळ्यांना ठाऊक आहे.

हंगामी वसतिगृहाचं नाव काढलं की माझं डोकं आणखीच सणकतं. कल्पना चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पोर गावातच आजीकडं राहील, जेवण शाळेत होईल, आईबाप निर्धास्त. पण मंजुरी टोळी जायच्या आधी हवी ना? आई विचारते, "मास्तर, जेवायचं नक्की का?" मी म्हणतो, "प्रस्ताव गेलाय." प्रस्तावावर कोण लेकरू ठेवून जाईल? मीही ठेवलं नसतं. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचा निर्णय झाला, तोही चांगला. पण सात वर्षांची पोरगी तालुक्याच्या गावी वसतिगृहात सोडायला कुठल्या आईचा जीव धजतो?

शिवाय तो उपस्थिती भत्ता. मागासवर्गीय मुलींची गळती थांबावी म्हणून १९९२ पासून दिवसाला एक रुपया. १९९२ मध्ये ठीक होता. आता रुपयाला दुकानदार चॉकलेटसुद्धा नीट देत नाही, आणि त्या रुपयासाठी मी बँक खातं, आधार, दाखला आणि हजेरीची प्रत जोडत बसतो. झेरॉक्सलाच जास्त लागतात!

पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद व्हायची टांगती तलवार आहेच. म्हणजे पोरं फडात गेली म्हणून नावं कमी केली तर शाळा जाते, नाही केली तर खोटी हजेरी लावल्याबद्दल मास्तर जातो. मधे मतदारयादीचं काम आहे, खिचडीच्या तांदळाचं वजन आहे, आणि आधारवर 'सोनाली' तर दाखल्यावर 'सोनली' म्हणून अडकलेली पोरगी आहे.

हमी कार्ड मात्र मी दरवर्षी न चुकता देतो. जिथं जाल तिथल्या शाळेत दाखवा, बसवून घेतील. चौथीतली एक पोरगी गेल्या हंगामात ते घेऊन गेली. फडापासून शाळा तीन किलोमीटर, मधे उसानं भरलेल्या ट्रकांचा रस्ता. एप्रिलमध्ये कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता परत आलं. पोरगी यंदा पाचवीला आहे. राज्यानं पाचवीला आता वार्षिक परीक्षा लावलीय, नापास करता येणारी. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ती येईल, आल्या आल्या पेपरला बसेल. तिचा प्रगती अहवालही ऑनलाईनच भरायचा आहे, आणि त्यातही कारणांची यादी असणारच.