कुलूप मोठं की मत मोठं?

सहभागी अर्थव्यवस्थेचा विषय निघाला वकिलामुळे, तोही कुलपावरून. "माणसाला सुरक्षित वाटायला दोनच गोष्टी लागतात," तो म्हणाला, "बँकेत शिल्लक आणि दाराला चांगलं कुलूप. बाकी सगळी भाषणं."

"आणि त्या दाराबाहेर रात्रभर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची शिल्लक किती?" मास्तरांनी विचारलं. मग त्यांनी सॅम्युअल बोल्स आणि अर्जुन जयदेव या अर्थतज्ज्ञांचं काम सांगितलं. पहारेकरी, पोलीस, तुरुंगाचे कर्मचारी, कामावर नजर ठेवणारे मुकादम, असे सगळे धरून त्यांनी 'राखणीच्या कामा'चा हिशेब मांडला. जिथे विषमता जास्त, तिथे या कामात अडकलेल्या माणसांचं प्रमाणही जास्त दिसलं.

"दिसलं म्हणजे विषमतेमुळेच झालं, असं सिद्ध होत नाही," वकील म्हणाला. मुद्दा रास्त होता. मास्तरांनीही मान हलवली, पण माघार कसली घेतायत! त्यांनी थेट सहभागी अर्थव्यवस्थाच काढली. मायकेल अल्बर्ट आणि रॉबिन हानेल या अमेरिकी लेखकांनी १९९१मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. निर्णय घ्यायला कामगारांच्या आणि ग्राहकांच्या परिषदा असाव्यात. निर्णयाची ज्याला जितकी झळ, तितकं त्याचं वजन. मोबदला मालकीवर नाही, कष्टावर. ज्याला काम झेपतच नाही त्यालाही वाटा. आणि अधिकाराची कामं नि कंटाळवाणी कामं सगळ्यांनी वाटून घ्यायची.

शेवटच्या कलमावर वकील उसळला. "म्हणजे सर्जनने बेडपॅन उचलायचं?"

सिस्टर रात्रपाळी करून आली होती, इतका वेळ डोळे मिटून ऐकत होती. "पेशंटच्या लघवीचा रंग बदललाय, हे पहाटे चारला भांडं रिकामं करणाऱ्या मावशींना आधी कळतं," ती म्हणाली. "सकाळच्या राउंडला त्यांना कुणी विचारत नाही. मी विचारते, म्हणून ते निदान माझ्या वहीत तरी येतं. मावशींनी ऑपरेशन करावं असं माझं म्हणणं नाही. पण वॉर्डाला किती माणसं लागतात हे ठरतं, तेव्हा त्या कुठे असतात? माणसं कमी करायची झाली की पहिला नंबर त्यांचा, आणि त्यांना ते कळतं नोटीस लागल्यावर."

माझ्या मते चर्चा खरी इथे सुरू झाली. कमी पगारात माणूस कसंबसं भागवतो. पण आपल्या पोटाचा निर्णय कुठल्या खोलीत, कधी होणार याचाच पत्ता नसला, की झोप उडते. त्यावर कुलूप चालत नाही.

"बैठका घेऊन घेऊन मराल," वकिलाने बजावलं. मास्तरांनी बोस्टनच्या साउथ एंड प्रेसचं उदाहरण दिलं: १९७७ साली निघालेली प्रकाशनसंस्था, अल्बर्ट तिच्या संस्थापकांपैकी एक. तिथे संपादन करणाऱ्यालाच ऑफिसातली किरकोळ कामंही करावी लागत. "पुढे?" "२०१४मध्ये बंद पडली." वकील हसला. मास्तर चिडले, "मालकांच्या काय बंद पडत नाहीत?"

मोंद्रागोनचं उदाहरण मात्र वजनदार होतं. स्पेनच्या बास्क प्रदेशात १९५६पासून उभा राहिलेला हा सहकारी संस्थांचा समूह अल्बर्टच्या आराखड्यावर बेतलेला नाही, बाजारातच धंदा करतो. पण प्रत्येक सभासदाला एक मत. २०१३मध्ये त्यांची फागोर ही फ्रिज, वॉशिंग मशीन बनवणारी कंपनी बुडाली. सभासदांचं भांडवलही बुडालं, हे मास्तरांनी लपवलं नाही. तरीही अनेकांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतलं, काहींना लवकर निवृत्ती दिली. धंदा गेला म्हणून सगळा संसार रस्त्यावर आला नाही.

"आणि पोलंडचा कारखाना?" वकिलाने विचारलं. "फागोरचेच कामगार ना ते? पण सभासद नव्हते. त्यांना कुणी सामावलं?"

मास्तर थांबले. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. जवळपास सगळं पटत आलं होतं, आणि नेमकं इथे अडलं.

"आमच्या मावशी कंत्राटी आहेत," सिस्टर पर्स उचलत म्हणाली. "तुमच्या परिषदेत त्यांना धरणार ना?"

"धरायलाच हवं," मास्तर म्हणाले.

"कंत्राटदार धरू देईल?" वकिलाने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.