देवगिरी एक्स्प्रेसचा मणका

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही परभणीकर लहानपणापासून छाती फुगवून म्हणत आलोय. कुणी ‘ते कसं काय?’ विचारलं की विषय बदलायचा, एवढंच पथ्य. पण चार वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी घरात डॅशहुंड, म्हणजे आखूड पायांचा, लांबलचक कुत्रा आला आणि जर्मनी थेट आमच्या बैठकीत येऊन पडली. लेकीनं नाव ठेवलं ऑस्कर. गल्लीनं दोन दिवसांत ते रद्द करून ‘देवगिरी’ ठेवलं, देवगिरी एक्स्प्रेसवरून. इंजिन स्वयंपाकघरात पोचलेलं असतं तेव्हा गार्डाचा डबा अजून बैठकीत असतो.

ही जात जर्मनांनी तयार केली बिज्जूच्या (इंग्रजीत बॅजर) बिळात घुसून त्याला हुसकायला. ‘डाक्स’ म्हणजे बिज्जू, ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकचा शुभंकर वाल्डी हाही डॅशहुंडच, आणि तिथल्या मॅरेथॉनचा रस्ता म्हणे त्याच्याच आकारात आखला होता. आमच्या वाल्डीची मॅरेथॉन कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी संपते. तिथून पुढं त्याला उचलून आणावं लागतं.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो. देवगिरीनं आनंदाच्या भरात दिवाणावरून उडी मारली आणि ‘कँय’ करून जागेवरच बसला. सकाळी पाठीची कमान, अंगाला थरथर, आणि ओट्याची एक पायरी चढायची तर डोंगर बघावा तसं बघायला लागला.

आईनं निदान केलं. “नजर लागली. शेजारची परवा म्हणत नव्हती का, किती गुबगुबीत झालंय लेकरू!” मीठमिरच्या ओवाळून चुलीत गेल्या. घरभर ठसका. देवगिरीला शिंका आल्या आणि प्रत्येक शिंकेला पाठीत कळ. शेजारचे काका तिळाचं तेल घेऊन आले, मणका ‘बसवून’ देतो म्हणाले. मी माझ्याच कंबरदुखीची गोळी अर्धी करून भाकरीत लपवायच्या बेतात होतो. तेवढ्यात लेकीनं आम्हा तिघांनाही बाजूला सारून रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी आधी गोळीबद्दल मला झापलं, कारण माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याच्या पोटाचं, मूत्रपिंडाचं वाटोळं करू शकते. मग तेलाबद्दल काकांना, तेही काकांच्या गैरहजेरीत. मग शांतपणे समजावलं. ज्या जनुकामुळं ह्यांचे पाय आखूड राहतात, त्याच्यामुळंच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात. त्यांचा लवचीकपणा गेला, की एखादी उडी निमित्ताला पुरते. चकती सरकते किंवा फुटते आणि मज्जारज्जू दाबते. ह्या जातीत दर चार-पाचांतल्या एकाला कधी ना कधी पाठीचा त्रास होतोच. “मागचे पाय ओढायला लागला, लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री बारालासुद्धा फोन करा.”

शिक्षा ठरली सहा आठवडे कोंडून विश्रांती. पिंजरा कुठून आणायचा? माळ्यावर जुन्या कूलरची पत्र्याची बॉडी पडली होती. आडवी केली, आत गोधडी टाकली, वाळ्याच्या जागी जाळी ठोकली. परभणीच्या मे महिन्यात कूलरमध्ये झोपणारा जगातला पहिला जर्मन आमचाच असावा. आठ दिवस आमच्याकडं असा बघायचा, की येता-जाता मीच त्याची माफी मागत होतो.

खरी लढाई पुढं होती, आणि ती आईशी. दिवाणाला फळीचा उतार केला, गळ्यातला पट्टा काढून छातीचा घातला. उचलताना एक हात छातीखाली, एक बुडाखाली, पाठ सरळ, अगदी बाळंतिणीच्या बाळासारखं. हे तिनं आमच्याआधी आत्मसात केलं. लोंबते कान आठवड्याला पुसायचे, दात घासायचे, पावसाळ्यात गोचीड शोधायचे, हेही मान्य. दात घासण्यावर फक्त एवढंच म्हणाली, “तुझे बाबा घासत नव्हते एवढे.”

पण वजन! “बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला तर लागल्या पाहिजेत,” असं डॉक्टर म्हणाले. आईच्या मते बरगडी लागणं म्हणजे घराण्याची बेअब्रू. तोवर देवगिरीला रोज ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा तुपात बुडवून मिळत होता. तिला सांगितलं कांदा नाही, लसूण नाही, द्राक्षं-मनुके नाहीत, चॉकलेट नाही, आणि तूपही बंद.

“मंग त्यानं खायाचं तरी काय? उपास तरी सांगा, म्हंजे साबुदाणा करते.”

वजन दर पंधरा दिवसांनी करायचं होतं. घरचा काटा बंद, म्हणून मित्राच्या मोंढ्यातल्या आडतीवर गेलो. देवगिरी एकटा काट्यावर थांबेना. मग मी त्याला घेऊन उभा राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. अडचण एवढीच, की आडतीवर आकडा ओरडून सांगायची पद्धत आहे. पहिल्याच दिवशी हमालानं सोयाबीनच्या कट्ट्यांवरून हाळी दिली, “दोघं मिळून एकशे एक, चारशे! मालक एकटे अठ्ठ्याऐंशी, दोनशे!” देवगिरी निघाला 13 किलो 200. डॉक्टरांच्या हिशेबानं त्याला फार तर साडेदहा शोभलं असतं. मला किती शोभलं असतं ते आख्ख्या आडतीनं ठरवलं.

चार महिने झाले. देवगिरी आता ओट्याची पायरी फळीवरून टेचात चढतो. परवा परत काट्यावर गेलो. दोघं मिळून 101 किलो 400. मी एकटा 90 किलो 600. देवगिरी 10 किलो 800! मी खुशीत घरी फोन लावायला लागलो, तर हमाल वहीत बघून डोकं खाजवत होता.

“मालक, बेरीज तर जशीच्या तशीच हाय की! कुत्र्याचं उतरलेलं गेलं कुठं?”

घरी आलो तेव्हा आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली होती, वरचा पापुद्रा तुपात बुडवलेला. म्हणाली, “त्याला चालत नाही म्हणून काय टाकून देऊ?”