बॉडो घोडी

एकट्यानं परगावी निघालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात, नवखा दिसू नकोस. आईनं दिला, शेजारच्या काकांनी दिला. गाडीत समोरच्या बर्थवरच्या नागपूरच्या काकूंनीही दिला, माझ्याच डब्यातली चकली खात.

त्यामुळे पुण्याहून दोन रात्री स्लीपरमध्ये काढून हावड्याला उतरलो तेव्हा मी असा काही ताडताड चालायला लागलो, की जणू माझा रोजचाच अप-डाऊनचा मार्ग. हावड्याला वीसहून जास्त प्लॅटफॉर्म आहेत. स्टेशनचे जुनं आणि नवं असे दोन भाग आहेत. माझा आत्मविश्वास मला थेट मोटारींच्या तळावर घेऊन गेला. तिथून परत फिरणं म्हणजे नवखेपणाची कबुली. म्हणून मी घड्याळात पाहिलं, कपाळाला हात लावला आणि काहीतरी विसरल्याचा अभिनय करत वळलो. बघायला कोणीही नव्हतं.

आधी संडास गाठायचा होता. दोघं असले की एक जण सामानापाशी थांबतो. एकट्यानं काय करायचं, हे कुठल्याही सल्ल्यात नसतं. तेरा किलोची सॅक पाठीवर घेऊन आत गेलो. एक शोध लागला तो सांगून ठेवतो: तेरा किलो पाठीवर घेऊन उकिडवं बसता येतं, उठता येत नाही. शेवटी नळाला धरून उठलो. नळ चांगला होता, टिकला.

बाहेर टॅक्सीवाल्यानं सदर स्ट्रीटचा जो आकडा सांगितला, तेवढ्यात मी तिथे दोन दिवस राहणार होतो. मी तुच्छतेनं हसून पुढे गेलो आणि चहावाल्याला हळूच विचारलं, "दादा, लाँच कुठून सुटते?"

तो म्हणाला, "बॉडो घोडीर सामने दिये चोले जान."

एवढं कळलं, की कुठल्याशा मोठ्या घोडीच्या समोरून जायचंय. स्टेशनात पुतळा असणार, बहुधा कोण्या लाटसाहेबाचा. स्वार वर आणि घोडी खाली. मी पुतळा शोधत फिरलो. पाणपोई सापडली, चौकशीची खिडकी सापडली, झोपलेले दोन जवान सापडले. घोडी काही दिसेना. एका आजोबांना विचारलं तर त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. वर एक भलंमोठं दुतोंडी घड्याळ होतं. बंगालीत घड्याळाला 'घोडी' म्हणतात. अख्खं कोलकाता वर्षानुवर्षं एकमेकांना त्याच घड्याळाखाली भेटत आलंय आणि मी त्याच्याखालून तीनदा गेलो होतो. तेही मनगटावरच्या घोडीत वेळ बघत.

लाँच मात्र अगदी स्वस्त. किरकोळ पैशांत हुगळी ओलांडून बाबूघाटाला. डावीकडे हावडा पूल. 1943 पासून उभा, साडेसव्वीस हजार टन पोलाद आणि म्हणे नट-बोल्ट एकही नाही, सगळं रिव्हेटवर. शेजारचा एक जण हे मला सांगत होता. मी "माहितीये" अशी मान हलवली. नवखा दिसायचं नव्हतं ना.

तिथून मैदान तुडवत, चरणाऱ्या बकऱ्या चुकवत चौरंगीला आलो. म्युझियमच्या कडेनं आत शिरलं की सदर स्ट्रीट. या गल्लीत तरुणपणी रवींद्रनाथ राहिले होते आणि एका सकाळी व्हरांड्यातून सूर्य उगवताना पाहून त्यांना सगळं जग आनंदानं भरून आल्यासारखं वाटलं. मी शिरलो तेव्हा सूर्य चांगला डोक्यावर होता आणि चार लॉजवर 'जागा नाही' ऐकून झालं होतं.

पाचव्या लॉजवर बनियन घातलेले एक गृहस्थ वही चाळत बसले होते. म्हटलं, एक खोली, स्वस्तातली, एकट्यासाठी. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बोशून दादा. चेष्टा कोरछी."

दोन रात्रींचं जागरण, संडासातला नळ, ती घोडी, सगळं एकदम वर आलं. "तुम्ही चेष्टा करताय?" मी जवळजवळ ओरडलोच.

"हां," ते आनंदानं म्हणाले. "खूब चेष्टा कोरछी."

शेजारी चहा पिणाऱ्या मुलाला माझ्या चेहऱ्याची दया आली असावी. त्यानं हिंदीत खुलासा केला, की चेष्टा म्हणजे प्रयत्न. काका प्रयत्न करतायत, बसा. मी बसलो. काकांनी खरोखरच प्रयत्न केला. दोन फोन लावले, कुणावर तरी खेकसले, आणि गच्चीवरची एक खोली निघाली. मला मातीच्या भांड्यातला चहाही मिळाला. "पहली बार आए हैं?" त्या मुलानं विचारलं. मी खोटं बोललो नाही, दमलो होतो.

खोलीत एक खाट, एक पंखा आणि पंख्याच्या बटणाशेजारी मारलेल्या डासाचा जुना डाग. भाडं परवडणारं. फक्त दाराला आतून कडी नव्हती. मी सॅक दाराला टेकवून ठेवली आणि आडवा झालो. पुण्यापासून मी तिला वाहत होतो, आता तिनं जरा दार सांभाळावं.