बारा नंबरची जर्सी

आज सकाळी धुळ्याच्या बसस्थानकावर आमच्या रग्बी क्लबचा एक जुना मुलगा सुरतेच्या गाडीची वाट पाहत उभा असलेला दिसला. अंगात क्लबचीच निळी जर्सी होती आणि पाठीवर बारा हा आकडा होता. मैदानावर येणे का सोडलेस, असे मी विचारले तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाला, "सर, मना नंबर कधी लागनाच नही." तेवढ्यात गाडी लागली आणि तो चढला. संध्याकाळी सरावाला पाचच मुले आली, म्हणून कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पदाधिकाऱ्याने लिहिले की हल्लीच्या पोरांना खेळाची आवडच उरलेली नाही. त्यावर आठ जणांनी अंगठे दिले. ते अंगठे पाहिल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

आवड नाही, हे कोणाला सांगता? हा मुलगा दोन वर्षे रोज अकरा किलोमीटर सायकल मारून यायचा, आम्ही पोहोचण्याआधी फक्कीने रेषा आखून ठेवायचा आणि अंधार पडल्यावर चेंडू पुसून पोत्यात भरून मगच घरी जायचा. सेव्हन्सच्या संघात सात जण मैदानात आणि पाच राखीव असतात. हा बारावा होता. त्या वर्षी पुण्याच्या स्पर्धेत आम्ही दोन दिवसांत पाच सामने खेळलो आणि पाचही सामने तो बूट बांधून रेषेबाहेर उभा राहिला. शेवटच्या सामन्यात आम्ही २८-० असे मागे होतो आणि तीन मिनिटे उरली होती. सामना केव्हाच हातातून गेला होता, तरीही मी त्याला उतरवले नाही. तो निर्णय माझा होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता. परतीच्या प्रवासात तो डब्याच्या दाराशी पिशवी उशाला घेऊन झोपला आणि त्यानंतर मैदानावर आला नाही. तो येत नाही हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले, तेही फक्की कोणी मारायची असा प्रश्न पडला तेव्हा.

पोलीस भरतीची तयारी, कापसाची वेचणी, घरची ओढाताण या अडचणी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही.

पण २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा आमच्या मैदानावर एका आठवड्यात तीस नवी मुले आली होती, हे आपण सगळे इतक्यात विसरलो का? तीस मुले आणि दोन चेंडू. ती रांगेत उभी राहायची आणि एकेकाच्या हाती तासाभरात चेंडू जेमतेम चार वेळा यायचा. उरलेला वेळ मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि शिव्या खायच्या, याला आपण प्रशिक्षण म्हणत होतो. त्यातच दुसऱ्या दिवशी तेरा वर्षांच्या पोरांना भरतीच्या वयाच्या दांडग्या मुलांसमोर टॅकलला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडायला, उभे केले. ज्याला आपले डोके समोरच्याच्या कोणत्या बाजूला ठेवायचे हेही कोणी सांगितलेले नाही, तो एकदा कानशिलावर गुडघा खाल्ल्यावर पुन्हा कशाला येईल? आधी नुसत्या स्पर्शाचा खेळ, मग गुडघ्यावर बसून टॅकल, मग चालत आणि शेवटी धावत, हा क्रम शिकवायला पैसा लागत नाही. तिसरा आठवडा संपेपर्यंत नऊ मुले उरली आणि गेलेल्या एकवीस जणांपैकी एकाच्याही घरी आपल्यापैकी कोणी गेले नाही.

कलकत्त्याची गोष्ट आपण प्रत्येक उद्घाटनात अभिमानाने सांगतो. १८७३ मध्ये तिथे रग्बीचा क्लब स्थापन झाला, पण तिथे खेळणारी ब्रिटिश पलटण बदलून गेली, उरलेले लोक टेनिस आणि पोलोकडे वळले आणि १८७८ मध्ये क्लबने बँकेतले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून चषक घडवला. नागाच्या आकाराच्या मुठींच्या त्या चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळत आहेत. ही गोष्ट मीही सांगत आलो आहे. परंतु आज बसस्थानकावरून घरी येताना पहिल्यांदाच जाणवले की ती मुळात खेळाडू गळून गेलेल्या एका क्लबची गोष्ट आहे. त्यांची तर पलटणच उठून गेली होती, आपली मुले मात्र इथेच, सायकलच्या अंतरावर होती.

२०१९ मध्ये भारताच्या महिला संघाने मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. त्या संघात ओडिशाच्या आदिवासी मुली होत्या. आपल्या सातपुड्यातली मुले काय कमी काटक आहेत?

रागाच्या भरात मी बरेच लिहून गेलो आहे आणि कार्यकारिणीतली माणसे वाईट नाहीत, हेही मला ठाऊक आहे. स्वतःच्या खिशातून जर्सी शिवून देणारी हीच माणसे आहेत. मात्र त्या जर्सीचेच माझ्या मनातून जात नाही. आमच्या बाकी मुलांच्या जर्सी पहिल्याच हंगामात गळ्याशी फाटतात, बगलेत उसवतात, कारण समोरचा तिथेच पकडून ओढतो. आज सकाळी त्याच्या जर्सीची एकही शिवण सुटलेली नव्हती. धुऊन धुऊन रंग तेवढा उडाला होता.

येत्या रविवारच्या सामन्यात बारा नंबर ज्याच्या पाठीवर असेल, तो पहिल्या मिनिटापासून खेळेल. ज्या आठ जणांना हे पटणार नाही, त्यांनी ग्रुपवर लिहू नये, मैदानावर येऊन मला सांगावे. सराव रोज साडेपाचला सुरू होतो आणि फक्की मारायलाही माणूस हवाच आहे.