ग्रहांची रांग बघायची तर आधी पश्चिम शोधा

‘दुर्मीळ योग, सहा ग्रह एका रेषेत’ असा फॉरवर्ड फिरायला लागला की ठाण्यातली पुष्कळ मंडळी संध्याकाळी उपवनला जाऊन उभी राहतात. तळं आहे, मोकळी जागा आहे, भेळ आहे. फक्त पश्चिम नाहीये. पश्चिमेला येऊरचा डोंगर उभा आहे, आणि जे बघायला आलो ते नेमकं त्याच्यामागे मावळतं.

आधी त्या ‘एका रेषेत’चं बघू. ग्रह कायमच एका पट्ट्यात असतात. त्यांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या जवळपास त्याच पातळीत आहेत. बुधाची सात अंशांनी कललेली आहे, बाकी सगळ्यांची साडेतीन अंशांच्या आत. त्यामुळे सूर्य आणि चंद्र आकाशात ज्या वाटेने जातात त्याच वाटेच्या आसपास ग्रह दिसणार, दुसरीकडे जाणार कुठे? प्रश्न एवढाच असतो की त्यातले किती एकाच वेळी क्षितिजाच्या वर आहेत. आणि ते एका रात्रीपुरतं नसतं. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ आठवडेच्या आठवडे संध्याकाळी दिसत होते. तरी प्रत्येक मेसेजमध्ये तारीख एकच, आणि ‘पुन्हा दिसणार नाही’ हे ठरलेलं.

28 फेब्रुवारी 2026 ची संध्याकाळ उदाहरणाला घ्या. सहा ग्रह म्हणजे बुध, शुक्र, शनी, नेपच्यून, युरेनस, गुरू. ठाण्यात सूर्यास्त साधारण 6:43 ला. सव्वासातला, म्हणजे आकाश जरा काळवंडल्यावर, शुक्र क्षितिजापासून जेमतेम पाच अंशांवर. हात सरळ ताणून एक डोळा मिटा: मधली तीन बोटं जोडून आडवी धरली की पाच अंश, बंद मूठ म्हणजे दहा. शुक्र तीन बोटं वर, बुध त्याच्याच आसपास पण फिका पडत चाललेला, शनी दीड मूठ वर. गुरू थेट दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडे उंच, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ. शुक्रापासून गुरूपर्यंत शंभर अंशांहून जास्त अंतर. ही परेड एका नजरेत मावत नाही, मान फिरवावी लागते. फॉरवर्डमधल्या फोटोत सगळे ग्रह लाडवांसारखे ओळीने मांडलेले असतात, त्याची अपेक्षा ठेवून गेलं की हिरमोड होणारच.

आता डोंगराचा हिशेब. अडीचशे मीटर उंचीचा डोंगर दोन किलोमीटरवर असेल तर तो सात अंश आकाश खातो. तोच सात किलोमीटरवर गेला की फक्त दोन अंश. म्हणून ठाणेकरांनी पश्चिम बघायला पूर्वेकडे जावं. ऐकायला उलटं वाटतं, पण वर्तकनगर किंवा उपवनपेक्षा कोपरी, कळवा, खारेगाव या बाजूची मोकळी गच्ची कितीतरी बरी. टॉवरचंही तेच गणित: साठ मीटरची, म्हणजे वीसेक मजल्यांची इमारत तीनशे मीटरवर असली की अकरा अंश गेले. घोडबंदर रोडवर हा मामला रोजचाच. तिथे वरच्या मजल्यावर पश्चिमेची खिडकी असली तरी समोर डोंगर आहेच.

नवी मुंबईकरांचं नशीब इथे चांगलं. त्यांचा पारसिकचा डोंगर पूर्वेला आणि पश्चिमेला खाडी. वाशीचं सागर विहार किंवा नेरूळमध्ये पाम बीचच्या बाजूची खाडीकडे तोंड असलेली कुठलीही जागा चालेल. पलीकडे कांदळवन, मग मुंबईची बारीक रेघ. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या टेकडीची बाजू तेवढी टाळा. पाम बीच रोडवर किंवा ऐरोलीच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन मात्र उभं राहू नका. आणि ओडोमॉस लावून जा, खाडीचे डास ग्रहांची वाट बघत नाहीत.

जागा मिळाली तरी हवा उरतेच. क्षितिजापासून पाच अंशांवरचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने दहापट जाड हवेतून येतो. आपल्याकडे फेब्रुवारीत त्या थरात धूळ, धूर, बांधकामाची माती सगळं असतं. शुक्र एवढा तेजस्वी की तो यातूनही निघतो, बुध आणि शनी अडकतात. याची सोपी परीक्षा सूर्यास्तालाच होते. सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत डोळे दिपवत असेल तर हवा चांगली. तो वरच्यावरच लालसर टिकलीसारखा होऊन धुरात विरला, तर त्या दिवशी बुधाचा नाद सोडा आणि दुसऱ्या दिवशी परत या. एका तारखेचा हट्ट धरू नये तो यासाठीच. तसंही त्या खेपेला बुध सूर्यापासून सर्वांत लांब होता तो 19 फेब्रुवारीला, म्हणजे गाजलेल्या तारखेच्या नऊ दिवस आधी. ज्यांनी 28 ची वाट पाहिली त्यांच्या वाट्याला विझत चाललेला बुध आला.

वेळ फार थोडा मिळतो. आपल्या अक्षांशावर ग्रह जवळजवळ सरळ खाली उतरतात, दहा अंश उतरायला चाळीसेक मिनिटं. सूर्यास्तानंतर वीस मिनिटं आकाश फार उजळ, पन्नास मिनिटांनी खालचे ग्रह गेलेले. मधल्या अर्ध्या तासात खालून वर जायचं: आधी शुक्र-बुध, मग शनी. गुरू कुठे पळत नाही, तो शेवटी. चहा घेऊन सावकाश आठला गच्चीवर आलेल्याला फक्त गुरूच दिसतो आणि तो म्हणतो, सगळं थोतांड.

दुर्बीण असेल तर 10×50 ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच 50 मिलिमीटरची, घ्या. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत ती पश्चिमेकडे वळवायची नाही, यात तडजोड नाही. फोकस आधी लांबच्या दिव्यावर करून ठेवा: उजवीकडची काच हाताने झाकून मधल्या चाकाने डावा डोळा स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या आयपीसची, म्हणजे डोळ्याकडच्या काचेची, रिंग फिरवा. ही रिंग कोणी हलवतच नाही आणि मग दुर्बीण खराब म्हणतात. हाताची कोपरं कठड्यावर टेकली की गुरूचे चार चंद्र बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. शनीची कडी दिसणार नाहीत, त्याला टेलिस्कोप आणि किमान पंचवीस-तीस पट मोठेपणा लागतो. युरेनस त्या वेळी कृत्तिकांच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर होता, उंच असल्याने शहरातूनही दुर्बिणीत सापडण्यासारखा. नेपच्यून शनीच्या शेजारी असूनही संधिप्रकाशात बुडालेला. म्हणजे ‘सहा ग्रह उघड्या डोळ्यांनी’ यातले दोन पहिल्यापासूनच बाद होते.

मोबाइलवर स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप टाकलं की काम झालं असं समजू नका. लोखंडी कठड्याजवळ किंवा गाडीपाशी फोनचं होकायंत्र सरळ चुकतं. आधी ओळखीच्या ताऱ्यावर, उदाहरणार्थ मृगाच्या तीन ताऱ्यांवर, फोन धरून पडताळा घ्या. त्या फेब्रुवारीत मंगळ सूर्याच्या जवळ असल्याने दिसतच नव्हता, तरी काक्षी किंवा रोहिणी हा तांबूस तारा दाखवून ‘तो बघ मंगळ’ सांगणारे गच्चीगच्चीवर असतात. व्याधालाही असाच ग्रहाचा मान मिळतो. ग्रह लुकलुकत नाही हा नियम बरोबर आहे, पण क्षितिजालगत तो लागू पडत नाही, तिथे शुक्रसुद्धा थरथरतो. आणि लँडिंग लाइट लावून आपल्याच दिशेने येणारं विमान दोन मिनिटं हुबेहूब शुक्र असतं. बोट दाखवण्याआधी तेवढं थांबा.

खरोखर दुर्मीळ काही हवं असेल तर 8 सप्टेंबर 2040 ची संध्याकाळ लिहून ठेवा. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे पाचही साधारण एका मुठीच्या रुंदीत, जोडीला चंद्राची कोर, पश्चिमेला खाली. सप्टेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्याकडे ढग असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा सह्याद्रीच्या पूर्वेला, देशावर कोणी नातेवाईक असतील तर संबंध टिकवून ठेवा.